तोंडी सांगून घराची भिंत पाडता येते का?

प्रश्न : मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते. घर सासऱ्यांच्या नावावर आहे. ते वारले, पण उताऱ्यावर अजून त्यांचेच नाव आहे. पुढच्या खोलीत चार यंत्रमाग आहेत, त्यांवर चादरी विणतो. मागच्या आठवड्यात दोन माणसे आली, महापालिकेतून आलो म्हणाली. टेप लावून मोजले आणि दर्शनी भिंतीपासून आठ फूट आत लाल रेघ मारली. रस्ता रुंद होणार आहे, पंधरा दिवसांत पाडून घ्या, नाहीतर जेसीबी येईल, असे तोंडी सांगून गेली. एक छापील संमतीपत्र दिले आहे. जागेच्या बदल्यात टीडीआर (पैशांऐवजी मिळणारे, विकता येणारे बांधकाम हक्काचे प्रमाणपत्र) घ्यायला तयार आहोत, असे त्यात लिहिले आहे. धाकट्या दिरांनी सही करूनही टाकली. शेजारी म्हणतात, सरकारी काम आहे, सरकारला अधिकार असतो, कोर्टातही काही होत नाही. मी सही करू का?

उत्तर : ताई, सही करू नका; निदान खाली सांगितलेले कागद हातात येईपर्यंत तरी नाही. आणि रेघ मारली म्हणून स्वतःच्या हाताने भिंत पाडू नका. तशी पाडली, तर पुढे भरपाई मागताना ‘त्यांनी राजीखुशीने जागा सोडली’ हेच उत्तर समोरून येते.

शेजाऱ्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. सार्वजनिक कामासाठी नागरिकाची जमीन त्याच्या मर्जीविरुद्ध घेण्याचा अधिकार राज्याला आहे, आणि असायलाच हवा. तो नसता तर एका माणसाच्या नकारावर रेल्वे, धरण, रस्ता सगळेच अडले असते. पण हा अधिकार ‘सरकार’ म्हणवणाऱ्या कोणाच्या अंगभूत मालकीचा नसतो. आपल्या राज्यघटनेप्रमाणे सत्ता मुळात लोकांची आहे, आणि लोकांनी ती अटी घालून वाटून दिली आहे : कायदा करण्याची विधिमंडळाला, तो राबवण्याची प्रशासनाला, आणि राबवताना मर्यादा ओलांडली का हे तपासण्याची न्यायालयाला. त्यामुळे नागरिकाचा नियम एक आणि अधिकाऱ्याचा नेमका उलटा. कायद्याने मना केले नाही ते सगळे नागरिकाला करता येते. कायद्याने सांगितले तेवढेच अधिकाऱ्याला करता येते. तुमच्या दाराशी आलेल्या माणसाचा अधिकार घटनेतून कायद्यात, कायद्यातून आयुक्तांकडे आणि आयुक्तांकडून त्याच्याकडे लेखी उतरलेला असला पाहिजे. मधली एक कडी जरी नसली, तर तो माणूस कायद्याच्या नजरेत रस्त्यावरून जाणारा एक नागरिक आहे, आणि तुमच्या भिंतीला हात लावण्याचा त्याला हक्क नाही.

सत्ता कायद्याच्या आधी चालू लागली की काय होते, हे सोलापूरने पाहिले आहे. मे १९३० मध्ये या शहरात लष्करी कायदा पुकारला गेला. त्याला आधार देणारा वटहुकूम नंतर निघाला. गांधी टोपी आणि तिरंगा हेसुद्धा तेव्हा शिक्षेचे कारण ठरले. आधी कृती आणि मागाहून कागद, ही पद्धत नाकारूनच आपली घटना लिहिली गेली. म्हणून ‘रस्त्याचे काम चांगलेच आहे, कागदाचे नंतर बघू’ हा युक्तिवाद मला कधीही किरकोळ वाटत नाही.

आता तुमच्या घरापुरती ही साखळी पाहू.

सर्वांत वर राज्यघटनेचा अनुच्छेद ३०० अ. कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणत्याही व्यक्तीला तिच्या मालमत्तेपासून वंचित करता येणार नाही, असे तो सांगतो. पूर्वी मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांमध्ये होता. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद १९ (१) (फ) आणि ३१ वगळले आणि २० जून १९७९ पासून ३०० अ आला. याचा व्यवहारातला परिणाम इतकाच की निव्वळ मालमत्तेसाठी अनुच्छेद ३२ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येत नाही. अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात जावे लागते. हक्क संपलेला नाही. तो आजही घटनात्मक हक्क आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याला मानवी हक्कही म्हटले आहे.

इथे ‘कायदा’ म्हणजे विधिमंडळाने किंवा संसदेने केलेला कायदा. एखादे परिपत्रक, बैठकीतला निर्णय, वरिष्ठांची तोंडी सूचना हा कायदा नव्हे. १९६१ च्या बिशन दास प्रकरणात पंजाब सरकारच्या अधिकाऱ्यांनी पोलीस नेऊन एका धर्मशाळेतून आणि दुकानांतून लोकांना बाहेर काढले होते. जमीन सरकारचीच आहे, हा त्यांचा बचाव होता. सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला : सरकारचा दावा खरा असला, तरी सरकारने स्वतःच न्यायाधीश होऊन ताबा घ्यायचा नसतो. तुमच्या बाबतीत तर जमीन तुमच्या कुटुंबाची आहे.

त्याखालची कडी म्हणजे प्रत्यक्ष कायदा. रस्ता रुंद करण्यासाठी महापालिकेपुढे मुख्यतः दोन वाटा असतात. आपल्यावर कोणती लावली जात आहे, हे विचारल्याशिवाय पुढे काहीच ठरत नाही.

पहिली वाट महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ ची. कलम २१० खाली आयुक्त रस्त्याची नियमित रेषा, म्हणजे रस्त्याची कडेची हद्द, ठरवतात. आधी ठरलेली रेषा बदलून नवी आखायची असेल, तर महापालिकेच्या सभेची मान्यता लागते आणि त्याआधी किमान महिनाभर जाहीर सूचना देऊन हरकती ऐकाव्या लागतात. तुमची इमारत त्या रेषेच्या आत येत असेल, तर कलम २१२ लागते, आणि त्याचे टप्पे ठरलेले आहेत. आधी लेखी नोटीस : बांधकाम का पाडू नये आणि जागा का घेऊ नये, याचे कारण दाखवा. मग तुमचे म्हणणे. ते पटले नाही, तर स्थायी समितीच्या मान्यतेने दुसरी लेखी नोटीस : अमुक मुदतीत पाडा. त्या मुदतीत पाडले नाही, तरच आयुक्तांना पाडता येते. महापालिकेवर प्रशासक असला की समितीचे अधिकार त्याच्याकडे असतात. तरीही ठराव आणि त्याचा क्रमांक लागतोच. नुकसानभरपाईची तरतूद कलम २१६ मध्ये आहे. लाल रेघ हा यातला कोणताच टप्पा नाही.

दुसरी वाट महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२६ ची. विकास आराखड्यात रस्त्यासाठी दाखवलेली जागा तीन प्रकारे घेता येते : पैसे देऊन करार करून, टीडीआर किंवा चटईक्षेत्र (बांधकामाचे जादा क्षेत्र) देऊन, नाहीतर २०१३ च्या भूमिसंपादन कायद्याने सक्तीने. यातला टीडीआर हा मालकाच्या संमतीचा मार्ग आहे. तो तुमच्यावर लादता येत नाही, म्हणूनच संमतीपत्र आणले गेले. त्यांना सक्तीचा अधिकार तयार असता, तर तुमच्या सहीची गरज पडली नसती. (आराखड्यातले आरक्षण असेल, तर कलम १२७ ही तपासून घ्या : अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण संपते. कलम २१० च्या नियमित रेषेला ही सवलत नाही. दोन्हींची गल्लत फार होते.)

कायद्यात नुसते कलम असूनही भागत नाही. कोलकाता महापालिका विरुद्ध बिमल कुमार शहा या १६ मे २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ३०० अ मध्ये सात गोष्टी अंतर्भूत असल्याचे सांगितले : नोटीस मिळण्याचा हक्क, म्हणणे ऐकले जाण्याचा हक्क, कारणे दिलेला निर्णय मिळण्याचा हक्क, केवळ सार्वजनिक प्रयोजनासाठीच संपादन करण्याचे राज्याचे कर्तव्य, वाजवी भरपाईचा हक्क, प्रक्रिया कार्यक्षमतेने आणि वेळेत होण्याचा हक्क, आणि ती पूर्णत्वाला जाण्याचा हक्क. त्या महापालिकेने ज्या कलमावर भिस्त ठेवली, त्यात जागा हेरण्याचा अधिकार होता, ती सक्तीने घेण्याची प्रक्रिया नव्हती. न्यायालयाने ते संपादन टिकू दिले नाही आणि पाच लाख रुपये खर्च बसवला. आपल्या राज्यातले उदाहरण हवे तर पुण्याच्या हरिकृष्ण मंदिर ट्रस्टचे २०२० चे प्रकरण आहे. संपादन न करताच खासगी रस्त्याची जागा महापालिकेची म्हणून दाखवली गेली होती. ३०० अ पुढे ते टिकले नाही. ‘कोर्टातही काही होत नाही’ या बोलण्याला हे दोन निकाल पुरेसे उत्तर आहेत.

मात्र रस्ताच रद्द करून घेता येईल, अशी आशा मी तुम्हाला देणार नाही. रुंदीकरण खऱ्या गरजेपोटी असेल आणि प्रक्रिया पाळली गेली, तर न्यायालय बहुधा ते थांबवत नाही. तुमच्या हातात येण्यासारखे आहे ते असे : नीट मोजणी, सुनावणी, योग्य भरपाई, आणि माग हलवायला वेळ. त्यासाठीच हा सगळा आग्रह आहे.

एक भाग मात्र तुमच्या विरोधात जाऊ शकतो. घरापुढचा ओटा, पायऱ्या, गटारावर टाकलेली फरशी किंवा पत्र्याची शेड तुमच्या हद्दीबाहेर, सार्वजनिक रस्त्यावर असेल, तर महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २३१ खाली ती नोटिशीशिवायही काढता येते. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बांधकामे पाडण्याबाबत जे निर्देश दिले, त्यात १५ दिवसांची नोटीस, वैयक्तिक सुनावणी, कारणांसह आदेश आणि आदेशानंतर आणखी १५ दिवस, असे संरक्षण आहे. पण रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी किंवा जलाशय अशा सार्वजनिक जागेवरच्या अनधिकृत बांधकामाला ते लागू नाही. महापालिका तुमचे आठ फूट ‘अतिक्रमण’ म्हणून दाखवण्याचा प्रयत्न करू शकते. म्हणून हद्द कुठे संपते हे आधी सिद्ध व्हायला हवे.

त्यासाठी नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका आणि नकाशाची प्रत काढा आणि हद्द कायम करण्याच्या मोजणीचा अर्ज द्या. जास्त फी भरून मोजणी लवकर करून मिळते. इथे ते पैसे वाचवू नका. घरपट्टीच्या पावत्या आणि वीजबिले जोडा, पण एक लक्षात असू द्या : घरपट्टीची पावती ताबा आणि बांधकामाचे वय दाखवते, मालकी दाखवत नाही. जुना बांधकाम परवाना असेल तर शोधा. नियमित रेषेच्या आत बांधू देताना ‘पुढे मागणी झाल्यास भरपाईशिवाय काढून घेऊ’ असे हमीपत्र घेतलेले असू शकते. ते असेल तर सगळा हिशेब बदलतो. आणि सध्या घराची दुरुस्ती काढू नका. दुरुस्ती किंवा फेरबांधणीची वेळ आली की कलम २११ खाली मागे सरायला सांगण्याची वेगळी सोय महापालिकेला मिळते.

आता दिरांची सही. सासऱ्यांनी मृत्युपत्र केले नसेल, तर घर त्यांच्या सर्व वारसांचे आहे : सासूबाई हयात असल्यास त्या, मुलगे, आणि लग्न होऊन गेलेल्या तुमच्या नणंदासुद्धा. दिरांची सही फार तर त्यांच्या अविभक्त हिश्श्यापुरती बांधते. तुमच्या यजमानांचा आणि नणंदांचा हक्क ते सोडून देऊ शकत नाहीत. त्यांनी आजच आयुक्तांना लेखी कळवावे की मी अन्य वारसांच्या संमतीशिवाय सही केली होती, ती मागे घेत आहे. याच आठवड्यात वारस नोंदीचा अर्जही द्या. बहुतेक प्रकरणे अडतात ती इथेच : भरपाई मंजूर होते, उताऱ्यावर मयत माणसाचे नाव असते, वारसांत वाद निघतो, आणि पैसे अडकून पडतात, रस्ता मात्र होऊन जातो. कोणताही पंचनामा किंवा ताबा पावती समोर आली, तर पूर्ण वाचा, ‘हरकत कायम ठेवून’ असे शब्द स्वतःच्या हाताने लिहा, प्रत घ्या, आणि मगच सही करा. भरपाई हातात येण्याआधी ताबा पावतीवर तर मुळीच सही नको.

संमती द्यायचीच असेल, तर कशाच्या बदल्यात, हे आधी आकड्यांत पाहा. तुमच्या घराचा दर्शनी भाग समजा २४ फूट आहे. आठ फूट खोल पट्टा म्हणजे १९२ चौरस फूट, साधारण १७.८४ चौरस मीटर. उदाहरणासाठी जमिनीचा दर चौरस मीटरला २०,००० रुपये धरू (तुमच्या विभागाचा खरा दर वार्षिक बाजारमूल्य तक्त्यात पाहा आणि जवळच्या खरेदीखतांशी ताडून घ्या). जमीन ३,५६,८०० रुपये. पाडल्या जाणाऱ्या बांधकामाचे मूल्य समजा २,००,०००. बेरीज ५,५६,८००. २०१३ च्या कायद्याच्या कलम ३० प्रमाणे तेवढीच दिलासा रक्कम (जागा सक्तीने घेतल्याबद्दलची जादा रक्कम), म्हणजे एकूण ११,१३,६०० रुपये. शिवाय जमिनीच्या बाजारमूल्यावर अधिसूचनेपासून निवाडा किंवा ताबा यांपैकी आधीच्या तारखेपर्यंत वर्षाला १२ टक्के, म्हणजे या उदाहरणात वर्षाला सुमारे ४२,८०० रुपये. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २१६ च्या भरपाईत दिलासा रकमेचा असा स्पष्ट उल्लेख नाही, म्हणून वाट कोणती हा प्रश्न तुमच्या खिशाशी जोडलेला आहे. टीडीआर म्हणजे रोख रक्कम नव्हे, ते विकता येणारे प्रमाणपत्र आहे. ग्राहक आणि त्या दिवशीचा बाजारभाव मिळेल तेवढीच त्याची किंमत. स्वतःला वरचा मजला चढवायचा नसेल, तर टीडीआरचे क्षेत्रफळ, प्रमाणपत्र देण्याची मुदत आणि बांधकामाची भरपाई वेगळी मिळणार की नाही, हे तिन्ही लेखी आल्याशिवाय ते घेऊ नये.

तुमच्या प्रकरणात मला सर्वांत जास्त काळजी मागांची वाटते. आठ फूट गेल्यावर उरलेल्या खोलीत चार माग बसतील का, मागे-पुढे माणसाला वावरायला आणि बीम (ताण्याच्या सुताचा रूळ) चढवायला जागा उरेल का, याचा नकाशा मान्यताप्राप्त मूल्यांककाकडून करून घ्या. २०१३ च्या कायद्याने संपादन होत असेल, तर कलम ९४ फार उपयोगी आहे : घराचा किंवा कारखान्याच्या इमारतीचा फक्त एक भाग घेतला जात असेल, तर मालक ‘घ्यायची तर पूर्ण इमारत घ्या’ अशी मागणी करू शकतो. कलम २८ खाली उरलेल्या भागाचे नुकसान आणि उत्पन्नावर झालेला परिणामही भरपाईत मोजायचा असतो. पण तो मागितला आणि सिद्ध केला तरच मोजला जातो. वीजजोडणीचा प्रकार, मागांची बिले, चादरी घेणाऱ्या व्यापाऱ्यांच्या पावत्या, कामगारांच्या मजुरीची वही, हे सगळे एका फाइलला लावा.

आयुक्तांच्या नावे अर्ज उद्याच द्या. मजकूर साधा ठेवा : “आमच्या सिटी सर्व्हे क्रमांक अमुक या मिळकतीवर अमुक तारखेला रेघ मारून आठ फूट बांधकाम पाडण्यास तोंडी सांगण्यात आले. ही कारवाई कोणत्या अधिनियमाच्या कोणत्या कलमाखाली आहे, आदेशाचा व ठरावाचा क्रमांक काय, रस्त्याची मंजूर रुंदी व मध्यरेषा कोणती, हे कळवून प्रती द्याव्यात. आम्ही कोणतीही संमती दिलेली नाही. एका वारसाने केलेली सही अन्य वारसांवर बंधनकारक नाही. कायदेशीर नोटीस व सुनावणीशिवाय बांधकामास हात लावू नये.” आवक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. तीच प्रत नगररचना विभागाला आणि विभागीय कार्यालयाला स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा. मध्यरेषेचा मुद्दा सोडू नका. समोरच्या बाजूने किती फूट घेतले जात आहेत, हे त्यावरूनच कळते. एका बाजूने आठ आणि दुसऱ्या बाजूने दोन फूट असतील, तर त्याचे कारण विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. समानतेचा अनुच्छेद १४ इथे थेट कामाला येतो.

माहिती अधिकाराचा अर्जही द्या : फी दहा रुपये, विषय एकच, मजकूर १५० शब्दांच्या आत. उत्तराला ३० दिवस लागू शकतात आणि तुम्हाला सांगितलेली मुदत पंधरा दिवसांची आहे, म्हणून त्यावर विसंबून राहू नका. फाइल पाहू द्यावी म्हणून नगररचना विभागात लेखी विनंती वेगळी करा. रेघेचे, टेप लावून मोजलेल्या अंतराचे, आतल्या मागांचे तारखेसह फोटो काढून ठेवा.

जेसीबी आलाच, तर आदेश मागा, तो वाचा, चित्रीकरण करा, हरकत लेखी द्या, आणि त्याच क्षणी वकिलांना फोन करा. यंत्रापुढे आडवे पडणे, धक्काबुक्की, दगड हे काही नको. भारतीय न्याय संहितेच्या कलम २२१ खाली शासकीय कामात अडथळा आणि कलम १३२ खाली बळाचा वापर असा गुन्हा दाखल होतो, आणि भरपाईच्या खटल्याऐवजी जामिनाच्या मागे धावावे लागते.

अर्जाला चार-पाच दिवसांत उत्तर आले नाही, तर मुदत संपायची वाट न पाहता रिट याचिका तयार करा. सोलापूर जिल्ह्याच्या याचिका आता मुंबईला न्याव्या लागत नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू आहे आणि सोलापूर त्याच्या कक्षेत येते. याचिकेत सर्व वारस पक्षकार करा, नाहीतर पहिल्या तारखेलाच तो आक्षेप येईल. अंतरिम मागणी ‘परिस्थिती जैसे थे ठेवावी’ एवढीच आणि स्पष्ट ठेवा. सोलापुरातच दिवाणी दावा लावायचा विचार असेल, तर महापालिकेला आधी द्यावयाच्या नोटिशीची महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४८७ मधली अट वकिलांकडून तपासून घ्या. ती चुकल्यामुळे दावा अडतो.

वकिलांच्या फीची अडचण असेल, तर विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात तुमच्या नावाने अर्ज द्या. यजमानांच्या नावाने दिला तर उत्पन्नाची मर्यादा लागू होईल. अर्जासोबत आधार कार्ड, मिळकत पत्रिका, रेघेचे फोटो आणि आवक शिक्का असलेली अर्जाची प्रत जोडा.